खिडकीजवळची खाट रिकामी आढळल्याबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
इमारत व जागा विभाग,
लष्करी रुग्णालय.

विषय : रुग्ण जवानांच्या नातेवाइकांसाठी चालवलेले मोफत विश्रामघर रिकामे करण्याचा आदेश मागे घेणेबाबत, ते जमत नसल्यास निदान एक दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : विश्रामघराच्या दारावर चिकटवलेला आपल्या कार्यालयाचा आदेश. (क्रमांक देता येत नाही. शिक्का पुसट उमटल्याने वाचता आला नाही. औषधवाल्या काकांनी भिंग लावूनही पाहिले.)

महोदय,

अर्ज लांबला आहे. अर्जदाराने तो लहान करून पाहिला, पण दरवेळी नेमके महत्त्वाचे तेच सुटू लागले. तरी शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती. बाकीच्या विनंत्या खाली आहेत.

१. अर्जदार ही याच रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. नोकरीत असताना जवानांच्या आया, बायका, म्हातारे वडील जिन्याखाली आणि सायकल स्टँडच्या आडोशाला पिशवी उशाशी घेऊन पडलेले तिने वर्षानुवर्षे पाहिले. जवानाला खाट, औषध, जेवण सगळे सरकार देते, आणि द्यायलाच हवे. पण त्याच्या उशाशी बसायला लांबून आलेल्या आईने पाठ कुठे टेकायची, हे कुठल्याच नियमात बसत नाही. म्हणून निवृत्तीनंतर अर्जदार, चौकातले सलूनवाले दादा आणि फाटकासमोरचे औषधवाले काका यांनी मंडळ काढले व रुग्णालयाच्या आवारातले कपड्यांचे जुने कोठार आपल्या विभागाकडून मागून घेतले. आपल्या आधीच्या साहेबांनी ते आनंदाने दिले. अट एकच होती, तपासणीच्या वेळी जागा वापरात असल्याचे दिसले पाहिजे.

२. खाटा, गाद्या, पंखे, पाण्याची टाकी हे सारे लोकांच्या मदतीतून झाले. नुसती वर्गणी मागून मिळत नाही, हे अर्जदाराला लवकरच कळले. लोक दार अर्धवट उघडतात आणि घरात मोठे माणूस नाही असे ते मोठे माणूसच सांगते. मग मंडळाने दर रविवारी बाजाराच्या मैदानात लोकांच्या गाड्या धुवायला सुरुवात केली. आम्ही गाडी धुवायची, मालकाने मनाला येईल ते बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. त्यापायी अर्जदाराची कंबर कामातून गेली आहे. एका गृहस्थांनी गाडी आतून-बाहेरून चकाचक करून घेतली आणि डब्याकडे ढुंकूनही न बघता, "या वयात कशाला हे उपद्व्याप, बाई?" एवढे बोलून निघून गेले. असो. चांगली माणसेही पुष्कळ भेटली. कोणी उशा दिल्या, कोणी पडदे शिवून दिले, आणि घर उभे राहिले.

३. घराला शिस्त अर्जदाराने लावली, हे इथे मुद्दाम नमूद करते. सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाने चादर ताणून खोचायची, कोपरे घडी घालून दाबायचे, उशी मधोमध, पिशवी खाटेखाली, दोरीवर चिंधीसुद्धा नको. सगळा जन्म वॉर्डात गेला. चादरीला सुरकुती दिसली की अर्जदाराच्या डोक्यात तिडीक जाते. सलूनवाले दादा चेष्टा करत, "सिस्टर, इथं माणसं राहतात की फोटो काढायला मांडून ठेवलंय?" ती चेष्टा पुढे अशी अंगाशी येईल असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

४. आपले निरीक्षकसाहेब पहिल्यांदा आले ते दुपारी, ऐन भेटीच्या वेळी. त्या वेळेला घरात चिटपाखरू नसते, कारण ज्यासाठी माणसे घरदार सोडून आली ते तेवढ्याच वेळात असते. साहेबांनी विचारले, "इथं राहतं कोण?" अर्जदाराने सांगितले, "साहेब, घर पूर्ण भरलंय. आत्ता भेटीची वेळ आहे, सगळी वॉर्डात गेलीत." त्यावर ते म्हणाले, "मी माणसं बघायला नाही आलो, खाटा बघायला आलोय. या खाटांवर कोणी झोपल्यासारखं वाटत नाही." अर्जदाराने ओणवे होऊन खाटांखालच्या पिशव्या ओढून दाखवल्या. "सामान ठेवायला गोदाम असतं, बाई," असे म्हणून त्यांनी 'जागा अवापर' अशी नोंद केली. चादरी सपाट ठेवल्याचा अर्जदाराला जन्मात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

५. तपासणी संध्याकाळी करावी, असे पत्र अर्जदाराने आपल्याला दिले. तपासणी कार्यालयीन वेळेतच होते, असे उत्तर आले. मग भेटीची वेळ तरी बदलावी म्हणून रुग्णालय प्रशासनाकडे खेटे घातले. ती बाब इमारत विभागाची असल्याचे त्यांनी कळवले. ती बाब वैद्यकीय असल्याचे आपण कळवले. ही दोन्ही पत्रे एकाच शिपायाने एकाच फेरीत आणून दिली, आणि देताना त्यालाही हसू आवरेना. अर्जदाराने कपाळाला हात लावला.

६. पुढे फेरतपासणीचा दिवस ठरला, तोही दुपारचाच. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सलूनवाल्या दादांनी तोडगा काढला, "त्या दिवशी कोणीच भेटीला जायचं नाही. सगळ्यांनी आपापल्या खाटेवर आडवं व्हायचं. बघू दे साहेबांना काय बघायचंय ते." नातेवाईक कुरकुरले, कारण दिवसभरात तेवढीच भेट मिळते. पण घर गेले तर सगळ्यांचेच जाणार होते, म्हणून कसेबसे तयार झाले. खिडकीजवळच्या खाटेवरच्या काकू तेवढ्या काही केल्या ऐकेनात.

७. या काकूंविषयी सांगणे भाग आहे. त्यांचा मुलगा लष्करात ट्रक चालवत असे. ट्रक दरीत गेला, डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून त्याने डोळे उघडले नव्हते, की तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी सांगितले होते, तुम्ही बोलत राहा, काय सांगावं. म्हणून काकू रोज भेटीच्या वेळी त्याच्या कानाशी बसून घरच्या गप्पा सांगत. गाईला वासरू झाले, शेजारीण पुन्हा रुसली, मामाने दात बसवले आणि आता हसताना तोंडावर हात धरतो. फेरतपासणीच्या दिवशी त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी आज गेले नाही तर तो म्हणेल, आई कंटाळली." अर्जदाराने त्यांची समजूत घातली, "काकू, आजचा एक दिवस. घर राहिलं तर उद्यापासून हव्या तेवढ्या गप्पा मारा." काकू कडेला अंग चोरून आडव्या झाल्या. भरदुपारी पांघरूण घ्यायची त्यांना लाज वाटत होती. त्यांच्या अंगावर चादर मी घातली. सवयीने कोपरेही खोचले.

८. निरीक्षकसाहेब आले ते भेटीची वेळ संपता संपता. तोवर सगळी माणसे छताकडे बघत पडून होती. साहेबांच्या अहवालातील मजकूर जसाच्या तसा देत आहे: 'निरोगी व्यक्ती भरदिवसा झोपलेल्या आढळल्या. रुग्णास भेटण्याची निकड दिसून येत नाही. सबब जागेचा गैरवापर.' आपला आदेश 'अवापर व गैरवापर' या दोन्ही कारणांवरून निघाला आहे. एकच जागा न वापरता तिचा गैरवापर कसा करता येतो, हे अर्जदाराला अजून उमगलेले नाही. मात्र वाद घालण्याचे त्राण आता तिच्यात उरलेले नाही. कारण पुढील परिच्छेदात आहे.

९. काकू चादरीखाली पडून होत्या त्याच वेळी वॉर्डात त्यांच्या मुलाने डोळे उघडले. ड्यूटीवरच्या सिस्टरने जवळ जाऊन हाक मारली, तेव्हा तो स्पष्ट म्हणाला, "आई कुठाय?" सिस्टर म्हणाली, "येतेच आहे," कारण काकू रोज येत असत. त्यांना शोधायला तिने लगेच वॉर्डबॉयला पिटाळले. त्याने बाकडी पाहिली, जिना पाहिला, नळाजवळ पाहिले, औषधांच्या रांगेत हाका मारल्या. विश्रामघराकडे तो फिरकला नाही. भेटीच्या वेळी विश्रामघरात कोणी नसते, हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत आहे. मुलगा बराच वेळ दाराकडे बघत होता, असे सिस्टर सांगते. मग त्याने डोळे मिटले. काकू पोचल्या तेव्हा तो पुन्हा आधीसारखाच पडला होता. त्यानंतर आजतागायत तो बोललेला नाही. पुन्हा बोलेल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

१०. काकू अर्जदाराला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. आता त्या विश्रामघरात येतच नाहीत. वॉर्डाच्या दाराशी बसतात, पहारेकरी उठवतो, त्या थोड्या पलीकडे जाऊन बसतात, पुन्हा येतात. ज्या जिन्याखालून माणसे उठावीत म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्याच जिन्याखाली त्या पिशवी उशाशी घेऊन पडतात, आणि तिथे त्यांना अर्जदारामुळे जावे लागले आहे. खिडकीजवळची खाट आता खरोखरच रिकामी आहे. अर्जदार रोज सकाळी ती आवरायला जाते. आवरण्यासारखे तिथे काही नसते.

११. दरम्यान आपला आदेश दारावर वाचून मदत करणारेही बिचकले आहेत. मागच्या रविवारी एका बाईंनी मैदानात सगळ्यांदेखत विचारले, "जिथं कोणी राहतच नाही, त्यासाठी गाड्या कशाला धुता?" सलूनवाले दादा एरवी कोणाला ऐकून घेणारे नाहीत, पण ते बादली उचलून बाजूला झाले. त्या दिवशी डबा जसा नेला तसा परत आणला.

वरील सर्व बाबींचा विचार होऊन आदेश मागे घ्यावा. तेवढे शक्य नसल्यास काकूंचा मुलगा पुन्हा बोलेपर्यंत तरी घराला कुलूप लावू नये. त्या रुसून बाहेर बसल्या आहेत, कधीतरी अंग टाकायला परत येतील, अशी अर्जदाराची वेडी आशा आहे.

यातले काहीच आपल्या अधिकारात नसेल, आणि अनुभवावरून तसेच उत्तर येईल असे वाटते, तर शेवटची विनंती दाखल्याची. ती अर्जदाराची नाही, काकूंची आहे. काल त्या आपणहून अर्जदाराजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तो फौजी माणूस आहे. मी काही सांगितलं तर म्हणेल, आई सारवासारव करतेय. पण शिक्क्याचा कागद तो मानतो. तुमच्या साहेबांकडून लिहून आणा, की त्या दिवशी मला तिथं थांबवून ठेवलं होतं. मी त्याच्या उशाखाली ठेवते. मी तिथं नसताना जागा झाला, तर निदान वाचेल." अर्जदाराने आयुष्यभर हजारो नातेवाइकांना धीर दिला. काकूंना मात्र "आणते," एवढेच ती म्हणाली.

साहेब, हा कागद तरी नाकारू नये.

आपल्या दाराशी बसलेली,

(सही)
निवृत्त परिचारिका,
विश्रामघर मंडळाकरिता.

दिनांक : आदेशाची मुदत संपण्याआधीचा सोमवार.

सोबत जोडलेले कागद :
१. निरीक्षकसाहेबांच्या दोन्ही अहवालांच्या प्रती.
२. भेटीच्या वेळेबाबत दोन्ही कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलेली पत्रे.
३. दाखल्याचा मजकूर. आपला वेळ जाऊ नये म्हणून अर्जदाराने तो लिहूनच दिला आहे: 'फेरतपासणीच्या दिवशी भेटीच्या वेळेत या जवानाच्या आईला या कार्यालयाच्या तपासणीसाठी विश्रामघरात थांबवून ठेवले होते. ती आपल्या मर्जीने गैरहजर नव्हती.' खाली फक्त सही आणि शिक्का हवा. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, कारण जवान जागा झाला तरी त्याची नजर अधू राहील असे डॉक्टर सांगतात. शिक्का कृपया ठळक उमटवावा.