नवकल्पना विभाग, जिन्याखालची खोली

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
केसपेपर नंबरवार लावत होतो. मोठ्या साहेबांनी बोलावलं. हॉस्पिटलच्या स्टाफमध्ये नवकल्पना रुजवायच्या आहेत म्हणाले. त्यांनी नेमकं मलाच हेरलं. बाकीचे कामात होते. शनिवारपर्यंत एक तरी कल्पना सगळीकडे राबवली गेली, तर टेम्पररीचा कायम होईन. बारावी अर्धवट असली तरी नेतृत्व अंगातच असावं लागतं.
जिन्याखालची खोली मिळाली. सरळ उभं राहता येत नाही. पण विचार बसूनच करायचा असतो.

४ मार्च
ज्ञानदान बैठक. प्रत्येकाने आपल्या कामातली एक युक्ती सांगायची. वीस खुर्च्या मांडल्या. आले सहा, त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला. मी पाऊण तास प्रस्तावना केली. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, बाळा, आधी पंखा लाव, मग काय ते बोल.
बोलले फक्त लिफ्टमन काका. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली की चहा निवांत होतो म्हणे. शिवाय पेशंट जिने चढतो, त्याची तब्येत सुधारते. टाळ्या! 'व्यायाम' या सदरात नोंद केली.

५ मार्च
काकांच्या दोन शब्दांच्या पाटीत तीन चुका. नवी लिहून दिली. मग मावशींनी मागितली, मग एक्स-रेवाल्यांनी. साधनं पुरवणं हे नेत्याचं काम. घरी बसून चाळीस लिहिल्या. आई म्हणाली, एवढ्या हौसेने अभ्यास केला असतास तर! आईला मॅनेजमेंट कळत नाही.

६ मार्च
कल्पना झपाट्याने पसरतेय. एक्स-रे, ड्रेसिंग, औषधं, सगळ्या दारांवर पाटी. कँटीनमध्ये बसायला जागा नाही. यालाच टीमवर्क म्हणतात.

७ मार्च
पाटी नसलेलं दार एकच, माझं. पेशंटची रांग थेट गेटपर्यंत. पहिल्या आजींचं बोट कापलेलं. त्यांना बैठकीचा वृत्तान्त वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मुडद्या, पट्टी बांध! संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

८ मार्च, शनिवार
साहेब चार मजले चढून सगळ्या पाट्या वाचून आले. धापा टाकत म्हणाले, अक्षर सुरेख आहे तुझं. आभार मानले. कायम होण्याचं विचारलं. त्यांनी आणखी एक पाटी लिहायला सांगितली : 'नवकल्पना विभाग बंद'. 'दुरुस्तीसाठी' घालू का, विचारलं. नको म्हणाले. सोमवारपासून तूही येऊ नकोस म्हणाले.

पुठ्ठे १६० रुपये, मार्कर ८०. एकूण २४०, हॉस्पिटलकडून येणे. मागायला गेलो. अकाउंट्सच्या दारावर पाटी होती. एकही चूक नाही.