सुकरीबाईच्या घराचं सरप्राईज

११ मे, सकाळी ९.
बेलटेकडीत पोचलो. चंद्रपूरवरून बस, मग गावातल्या मुखरूभाऊंच्या ट्रॅक्टरवर दीड तास. गाव पहाडावर आहे. परवाच्या वादळानं एक्केचाळीस घरं पाडली. लोकं शाळेत झोपून राह्यले.
संकल्प : दहा दिवसांत गाव उभं करणे. रोज रोजनिशी लिहिणे, तेही मराठीत. बाबा म्हणतात तुले मराठी येत नाई. येते.

११ मे, दुपारी.
कोणीच काही उचलत नाई. फुटके कवेलू (म्हणजे कौलं), पडकी भिंत, सगळं तसंच. लोकं पाहतात अन् निघून जातात. हा ट्रॉमा आहे, मी वाचलं आहे.
मुखरूभाऊंना विचारलं, काऊन उचलत नाई? ते म्हणे, तलाठी मॅडम पंचनाम्याले येनार हायेत. पडलेलं त्यायले पडलेलंच दिसलं पाहिजे, तवा यादीत नाव लागते, तवा सरकारातून घर भेटते. तुमी कशाले हात लावू नोका बापू.
बिचारे. नेगेटिव्ह माइंडसेट.

१२ मे.
सगळ्यात वाईट हालत सुकरीबाईच्या घराची. एकटी राहते. अर्धं छप्पर खाली, मागची भिंत खाली. मी विचारलं, कसं वाटून राह्यलं? ती म्हणे, कसं वाटन? घर पडलं. मग म्हणे, तिथी उभे नोका राहू, उरलेली भिंत बी पडन अंगावर.
तेंदूपत्त्याचा सीझन आहे. ती पहाटे चार वाजता जंगलात जाते, दुपारी पत्त्याचे पुडे बांधते, झोपायले शाळेत. म्हणजे घराकडे फिरकतच नाई.
आयडिया. तिचं घर आपण बांधायचं. सरप्राईज. एक घर उभं राह्यलं की चाळीस घरांना मोटिव्हेशन.

१३ मे.
चंद्रपूरवरून कॉलेजचे दोस्त अजय अन् चंचल बाईकनं आले. चंचल सिव्हिल सेकंड इयर, म्हणून टेक्निकल सपोर्ट तिचा. मलबा नाल्यात टाकला. भिंत रचली. फोटो काढले.
एक म्हातारा थांबून पाहत होता. म्हणे, पंचनामा झाला का? मी म्हटलं, आजोबा, पंचनाम्यानं घर बनत नाई. तो हसला नाई. गेला.

१४ मे.
अजयले ऊन लागलं. चंचलचं सबमिशन निघालं. दोघंही परत गेले. लीडर एकटाच असतो.
कवेलू लावले. टॉप-डाउन अप्रोच ठेवला, वरून सुरू करून खाली आलो. उरलेल्या वेळात समोरच्या भिंतीले निळा रंग मारला. गावातलं सगळ्यात भारी घर आता हेच.

१४ मे, संध्याकाळी ६.
सरप्राईज दिलं. सुकरीबाई डोक्यावर पत्त्याचं गाठोडं घेऊन आली. खूप वेळ पाहत राह्यली. मग गाठोडं न उतरवताच उंबऱ्यावर बसली. भावुक झाली.
मुखरूभाऊ धावत आले. म्हणे, अरे बापू, हे काय करून ठेवलं. अन् दुपट्ट्यानं तोंड पुसत राह्यले. तेही भावुक.
मी झोपतो. हात सोलले आहेत.

१५ मे.
तलाठी मॅडम आल्या. घरं पाहून पटापट लिहून राह्यल्या होत्या. निळ्या घरासमोर थांबल्या. म्हणे, हे कोणाचं? याले काय झालं?
मुखरूभाऊ म्हणे, हे बी पडलं होतं मॅडम, अर्धं. या बापूनं बांधलं. मॅडम म्हणे, वादळानंतरचे फोटो?
माझ्याकडे दोनशे बारा फोटो. सगळे दाखवले. पडक्या बाजूच्या प्रत्येक फोटोत समोर मी उभा आहे. मागचं दिसत नाई.
मॅडम म्हणे, मी दिसते तेच लिहिते, आता घर कसं आहे? आता प्रश्न माझ्या कामाचा होता. मी सांगितलं, एकदम मजबूत, वीस वर्षं टिकते. त्यांनी लिहिलं. पंचाची सही पाहिजे होती. मुखरूभाऊंनी हात मागे घेतला. मी केली. इंग्लिशमध्ये. माझी पहिली सरकारी सही.

१८ मे.
पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. हळूहळू वाचली. तीनदा. चाळीस नावं.
मुखरूभाऊंना म्हटलं, सुकरीबाईचं नाव सुटलं, काही तरी मिस्टेक आहे. ते म्हणे, मिस्टेक कायची? तुमीच तं सांगतलं, वीस वर्षं टिकन. सईबी तुमचीच.
त्यांनी आवाज चढवला नाई. कोणीच चढवला नाई. पोरं पुडे मोजत होती ती मोजतच राह्यली.
तलाठी मॅडमच्या वरच्या साहेबांना मेल लिहितो. नेटवर्क नाई. टाकीवर चढून पाह्यलं. नाई.

१९ मे.
मेल ड्राफ्टमध्येच आहे. सब्जेक्ट लाइन सुचत नाई.
सुकरीबाईनं शाळेतून बोचकं उचललं. मी म्हटलं, अजून दोन-चार दिवस राहा ना इथी. ती म्हणे, ज्यायचं घर पडलं त्यायच्यासाठी शाळा हाये. माहं तं कागदावर उभं हाये.
बोचकं नेऊन देतो म्हटलं. तिनं दिलं नाई.

२१ मे, सकाळी ६.
पहाटेपासून पाणी. हवा पण आहे. तिच्या घरी गेलो. चार जागी गळून राह्यलं. रचलेली भिंत पोट काढून उभी आहे.
सुकरीबाई वर पाहत होती. म्हणे, कवेलू खालून लावत वर नेतात बापू. वरचा खालच्यावर बसला पाहिजे. तुमचा वरचा खालच्याच्या आत घुसला. पाणी तं आत येनच ना. 
मी म्हटलं, सॉरी. ती कोपऱ्यातल्या पातेल्याकडे बोट करून म्हणे, तो गंज इकडे सरकवा.
सरकवला.

सकाळी ६.४०.
गंज भरला. बाहेर ओतून आणला. परत तिथेच ठेवला.