औंदा जूनमध्ये दिवस लवकर मावळतोय

९ जून
सून नॅन्सीच्या मोबाईलवर आलंय, एकवीस तारखेला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. साफ खोटं. आमच्या कारेगावात औंदा दिवस चहाच्या वक्ताला मावळतो. नॅन्सी म्हणाली, आई, अजून ऊन हाय, तुमचा मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरकडं चला. म्हटलं, पिकू दे, पाडाला आल्यावर बघू.

११ जून
ठराव. एंजलला मीच सांभाळणार. तीन वर्षांची नात, आईबाप दोघं कंपनीत. मला दिसत न्हाई असं नॅन्सीला पटलं तर पोरगी पाळणाघरात जाईल. म्हणून पटू द्यायचं न्हाई. तसं पटण्यासारखं काही न्हाईच.

१३ जून
एंजलच्या डोक्यात उवा. केस मीच कापले. नॅन्सी म्हणाली, एका बाजूला हायेत, एका बाजूला न्हाईत. म्हटलं, तुमच्या कंपनीतली पोरं असंच कापून घेत्यात. तिनं मग सगळंच डोकं बारीक केलं. पोरगी पोरासारखी दिसते म्हणे.

१६ जून, दुपार
अंगणवाडीला जाताना हायवे लागतो. रस्ता कानानं ओलांडायचा असतो. कंटेनर लांबनं गुरगुरतो, कळतं. आज एक स्कूटर पदराला घासून गेली. बॅटरीची. आवाज न करता चालवतात, चोरासारख्या. एंजलला बिस्कीट दिलं, म्हटलं मम्मीला सांगायचं न्हाई.

१७ जून
सांगितलं. बिस्कीट वाया.
नॅन्सी नुसती भाकरी थापत राह्यली. ती बडबडते तवा मला भ्या वाटत न्हाई. शेवटी म्हणाली, शनिवारचा कार्यक्रम होऊ दे, मग बघते. काय बघते ते सांगितलं न्हाई.

२१ जून, सकाळ
मोठा दिवस. अंगणवाडीत योगा. पोरांना पांढरी बनियन. आज पोरगी वेळेवर घरी आणणार. सुनेच्या तोंडाला कुलूप.

२१ जून, दुपार
उजेड नुसता चुन्यासारखा डोळ्यात जातो. पोरं मैदानात ओळीनं आडवी, मेल्यासारखी. त्याला शवासन म्हणतात. देवाच्या लेकरांना असलं शिकवतात. टीचर फोटो काढण्यात दंग. एंजल झोपली होती, तशीच खांद्यावर टाकली. हायवेपर्यंत कुणाचं तरी पोर आजी, आजी करत मागनं येत होतं. दम दिला, जा म्हटलं आपल्या आईकडं. एकटी पोरं रस्त्यावर सोडतात, काळीज कसं धजतं यांचं.
रस्ता पार. घरी निजवली, चादर घातली. हूं की चूं न्हाई. एवढी गुणाची कधी नव्हती.

२१ जून, संध्याकाळ
नॅन्सीनं चादर काढली. म्हणाली, आई, हा तर चांगुणाचा पोरगा, संघर्ष. एंजल कुठंय?
मी म्हटलं, नीट बघ.
ती अनवाणीच पळाली. मी दारात बसले. हायवेवर ब्रेक करकचला की उठायचे, परत बसायचे.
एंजल पंक्चरवाल्याकडं सापडली. रस्त्यात उतरली होती, त्यानं दंडाला धरून ओढली. त्याच्या पाच बोटांचे काळे वळ दंडावर उठलेत म्हणे. पोरगी शाबूत हाय.
चांगुणा ओरडून गेली. नॅन्सी ओरडली न्हाई.

२३ जून
पाळणाघराची पिशवी भरली. मी म्हटलं, टीचरचीच चूक, पोरांना एकसारखे कपडे कशाला घालायचे. नॅन्सी म्हणाली, एंजल, आजीला टाटा कर. मी हात वर केला, चांगला हलवला.
नॅन्सी म्हणाली, आई, ती इकडं उभी हाय.