म्हशीमार्फत आलेला निरोप

वडूज, सोमवार

प्रिय मेहुणे लालासाहेब यांस,

नाथाजीचा रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? उसाला पाणी पाजायला वाकू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि तुम्ही ऐकलं नसणार, हे मला माहीत आहे. (फोनच केला असता, पण मी फोनवर बोललो की चार घरांना ऐकू जातं. फौजेतली सवय.) पुढे 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे. पण ठीक नाही.

झालं असं की इथल्या शाळेनं मला भाषणाला बोलावलं. विषय, संवाद म्हणजे काय. मी सिग्नलचा माणूस, सगळी नोकरी बिनतारी यंत्राला कान लावून गेली, तेव्हा माझ्याइतका लायक वक्ता पंचक्रोशीत कोण सापडणार? बुधवारी संध्याकाळी सोप्यात बसून तयारी करत होतो. सांगणारा एक, ऐकणारा एक, मधे निरोप, आणि निरोप मिळाला की ऐकणाऱ्यानं तो उलट म्हणून दाखवायचा, इथवर आलो होतो. (तसं केल्याशिवाय निरोप पोचला असं फौजेत धरतच नाहीत. हे वाक्य मला फार आवडलं होतं, मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं.) तेवढ्यात तुमच्या बहिणीनं, राहीनं, दारात उभं राहून काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं. मी 'हूं' म्हणालो. ती जरा थांबली, म्हणून मी आणखी एकदा 'हूं' म्हणालो. ती आत गेली, ती आजतागायत माझ्याशी बोललेली नाही.

आता पंचाईत अशी की तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि विचारावं तर ऐकलं नव्हतं हे कबूल केल्यासारखं होतं. सध्या ती बोलते म्हशीशी. गोठ्यात येऊन म्हणते, "चा झालाय म्हणावं." मी म्हशीकडे बघून "येतो" म्हणतो. म्हैस आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघते. (दूध कमी झालंय तिचं, आणि मी तिला दोष देत नाही.) परवा धार काढताना राही तिला म्हणाली, "तुजं बरं हाय बाई. तुला कुणी मिरजंला दवाखान्यात न्हेत न्हाई." आणि डोळ्यांना पदर लावला. माझ्या हातातली पेंडीची पाटी तिथंच खाली पडली. काल तिनं पिशवी भरली, आज ती तुमच्याकडे सांगलीला निघाली आहे. कसला दवाखाना, लालासाहेब? डोळ्याचा, गुडघ्याचा, की दुसरंच काही? घास उतरत नाही. भाषण मात्र शनिवारी झकास झालं. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या घरात तर रोज गप्पा रंगत असतील.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
नाथाजी

ता. क. : तुम्हाला काही ठाऊक असेल तर वाईटसाईट आधी सांगा, बरं मागाहून.

ता. क. दुसरा : हे पत्र राहीच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. घरात डिंक नव्हता असं नाही.

ता. क. तिसरा : राही, एस.टी. विट्याला पोचायच्या आत तू हे उघडशील, याची मला खात्री आहे. मला लय भ्या वाटतंय गं. तुला एकटीला जाऊ द्यायचं धाडस माझ्यात नाही. मागं वळून बघ. शेवटच्या बाकावर मफलरनं तोंड झाकून बसलेला माणूस मीच आहे. शेजारची जागा पिशवी ठेवून धरलीय. इथं ये, बस, आणि बुधवारचं सगळं पहिल्यापासून सांग. मिरजेला आपण दोघं जाऊ.