बकायपेक्षा मोठा आवाज

शनिवार, ४ मे २०१९. सकाळी ६.१०

साबिरा काकूंच्या फाटकासमोर मोटरसायकलच्या साइडकारमधले दुधाचे कॅन मोजत होतो (तीन), तेवढ्यात मागून बकायचा नवा एअर हॉर्न वाजला. तीन सुरांचा. लग्नाच्या वरातीत गाड्या वाजवतात तसा. काकूंची मुलगी बुरुल बादली घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारून सरळ त्याच्याकडे गेली. बादली नेहमीच्या निम्मीच होती, तरी त्यालाच दिली. वर चार मिनिटं बोलली, हातवारे करून. माझ्याशी: "झाकण नीट लाव." काळजीनं म्हणाली.

मी आधी आलो होतो. हॉर्न दोनदा वाजवला होता. काकू म्हणाल्या, "एर्मेक, तू होतास होय? मला वाटलं, कोंबडीचं पिल्लू अडकलंय कुठं."

बकायचा मला हेवा वाटत नाही. दोघंही याच गावात दूध गोळा करून डेअरीला घालतो, म्हणून नोंद ठेवतो, इतकंच.

७ मे

निर्णय. दोष माझ्यात नाही, हॉर्नमध्ये आहे. एअर हॉर्न बसवायचा. बुरुल रोज बाहेर येईल. पुढचं पुढे बघू.

१० मे

बकायचा हॉर्न आज वाजला नाही. कालही नाही. माझा बेत त्याला कळला असावा. घाबरला. आता कोपऱ्यावरच इंजिन बंद करून मोटरसायकल ढकलत आणतो. पेट्रोलसुद्धा परवडत नसावं.

१२ मे, रविवार

कराकोलच्या बाजारात गेलो. जुन्या सामानवाल्याकडे हुबेहूब बकायच्यासारखा हॉर्न मिळाला. लाल कर्णे, तीन. मधल्यावर ओरखडासुद्धा तसाच. कारखान्यातच पडत असणार. सामानवाला म्हणाला, "तीनच दिवस झालेत येऊन. ज्याचा होता त्यानं दोन आठवडेही वापरला नाही." मी म्हणालो, असतात असे मूर्ख. किंमत २,८०० सोम. मी घासाघीस केली. तो म्हणाला, "बरं, २,८०० दे." १,८०० दिले, बाकीचे पुढच्या महिन्यात.

१३ मे. संध्याकाळी ७.३०

आमची मोटरसायकल वडिलांच्या वेळची, सहा व्होल्टची. हॉर्न बारा व्होल्टचा. हे बाजारात कुणी सांगितलं नाही. (मी विचारलं नाही.) रिले आणि वायर आणून जोडला, बटण दाबलं. ढेकर आली. आई आतून ओरडली, "बाहेर काय खाऊन आलास रे?"

१५ मे

मामाच्या बंद गाडीची बॅटरी आणली. मामा म्हणाला, "घरचाच आहेस, नऊशे दे." बॅटरी आणि हॉर्नचा कॉम्प्रेसर साइडकारमध्ये ठेवल्यावर कॅन दोनच मावतात. हरकत नाही. आवाज वाढला की दूध आपोआप वाढेल. मग तिसऱ्या कॅनचं बघू.

वाजवून पाहिला. छपरावरची कबुतरं उडाली ती परत आली नाहीत. आईनं कानात कापूस घातला. यश.

१६ मे. सकाळी ६.०२

फाटकाशी पोचलो. पूर्ण सहा सेकंद वाजवला. बुरुल पळत बाहेर आली! अनवाणी! कुणासाठी तिला पळताना मी आजवर पाहिलेलं नाही. बकायसाठी तर नाहीच. काहीतरी ओरडत होती, पण बटण अडकल्यामुळे ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी, सकाळी ९.००

बॅटरीची वायर उपटल्यावर ऐकू आलं. गाईनं लाथ मारून बादली उडवली होती आणि पान्हा आखडला होता. मागून काकू आल्या, डोक्याच्या रुमालापासून बुटांपर्यंत दुधानं न्हालेल्या. म्हणाल्या, "बाबा, ते पिल्लूच बरं होतं."

बुरुल म्हणाली, "बकायच्या हॉर्ननं गाय निम्मंच दूध द्यायला लागली होती. मी सांगितलं, तर त्यानं काढून विकला बिचाऱ्यानं. कोपऱ्यापासून गाडी ढकलत येतो. आणि तू तोच लावून आलास?"

तोच कशावरून? ओरखडे सारखे असू शकतात.

फाटक उघडं राहिलं होतं. आत बकाय चहा घेत बसला होता. पुढ्यात तळलेले गरम बोरसोक, सायीची वाटी. मी तीन वर्षं दूध नेतोय, फाटकाच्या आत मला कुणी बोलावलेलं नाही. मी हे सहज लिहिलं.

१८ मे

सामानवाल्याकडे हॉर्न परत नेला. म्हणाला, "सातशे देतो. लोकांना आवडत नाही हा, परत येतो सारखा." दिला नाही. वस्तूची किंमत कळायला माणूस लागतो.

१९ मे. संध्याकाळी ६.४५

बकाय घरी आला. चालत. भारी सदरा घालून. म्हणाला, "एर्मेक, गड्या, तो हॉर्न विकू नकोस. एका दिवसासाठी भाड्यानं दे. काढूही नकोस, सगळ्यात पुढं तूच चालव आणि वाजव. माझ्या मागं बारा गाड्या असतील." पाचशे सोम म्हणाला.

म्हणजे माझ्या हॉर्नला मागणी आहे. शेवटी आलाच ना माझ्या दारी.

कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही असेल, पण मी कॅन धूत होतो. जाताना एवढंच म्हणाला, की त्या दिवशी गाय नदीपलीकडे बांधायची असं बुरुलनं ठरवलंय.

हिशेब:
दिले: हॉर्न १,८००, रिले व वायर ३५०. एकूण २,१५० सोम.
देणं: सामानवाला १,०००, मामा ९००, साबिरा काकू (सांडलेलं दूध, सात लिटर) १९६. एकूण २,०९६ सोम.
येणं: बकाय, एक दिवस, वाजवणाऱ्यासकट, ५०० सोम. आगाऊ मागितले नाहीत.