पांढऱ्या पोशाखातली बाई

प्रिय बंड्या,

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय, कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलंय. फोन तू आपटलास आणि बंदच करून ठेवलास, म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या काकूंच्या हाती देतेय. आधी चिमणीचं सांग. ताप उतरला का? डोळे अजून लाल आहेत? पोटऱ्यांना हात लावला की रडते का? लघवी कमी झाली असेल, तर पुढचं वाचत बसू नकोस, तिला घेऊन बाहेर पड. आईविना वाढवलेली पोर, आणि तूच तिला दार लावून घरात मरायला ठेवलंयस.

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुते, असं तू सगळ्यांना सांगतोस. धुतेही. पण यंदा आम्हाला नवीन प्रशिक्षण आहे. आजवर माणसांचं रक्त एका खोलीत, जनावरांचं दुसऱ्या, पाणी माझ्याकडे तिसऱ्या. या खोलीचं त्या खोलीला ठाऊक नसायचं. या प्रशिक्षणात मास्तर, म्हणजे आमचे जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांना एकमेकांची कामं करायला लावायचे. नर्सबाईंनी तळ्यात दोरीने बाटली सोडायची, मी डुकराचं रक्त काढायचं. पहिल्या दिवशी डुकरापेक्षा मीच जास्त किंचाळले. मग तू घरच्या डुकरांवर शिकवलेलं आठवलं, पाय घट्ट धरायचा आणि घाबरल्याचं दाखवायचं नाही. मास्तरांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी ऐटीत म्हटलं, माझ्या भावाने.

दवाखान्यात घेतलेलं चिमणीचं रक्त, तूच नेऊन दिलेलं डुकराचं मेलेलं पिल्लू आणि गावच्या तळ्याचं पाणी पहिल्यांदाच एका टेबलावर आलं. तिन्हीत एकच जंतू. डुकरांच्या मुतातून तळ्यात, तळ्यातून चिमणीच्या खरचटलेल्या पायात. साध्या औषधाने जातो, पण ते वेळेत मिळालं तर. तुम्ही गावकऱ्यांनी मात्र दोरी आणि बाटली तेवढी बघितलीत. दुसऱ्या दिवशी आणखी पिल्लं मेलेली जन्मली आणि झालं, पांढऱ्या कपडेवाल्यांनी तळ्यात विष कालवलं! अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पहिलं पिल्लू त्याआधीच मेलं होतं ना?

मग तुझा फोन आला. तायडे, त्या भुतांना असं बदडलंय की परत पाऊल टाकायचे नाहीत. किती खुशीत होतास! चिमणीला दवाखान्यात ने, एवढंच मी म्हटलं, तर फोन आपटलास. मास्तर आणि त्यांची माणसं अंगभर पांढरे पोशाख घालून औषध घेऊन गावात आली, तेव्हा काय केलंस ते आता ऐक. पहिली पहार मास्तरांच्या डोक्यात घातलीस. तोंडावरची काच फुटून डोळ्यात घुसली. ते पडल्यावरही तुझ्या दोस्तांनी लाथा घातल्या, बरगड्या मोडताना आवाज येत होता. एक बाई त्यांच्या अंगावर आडवी पडली, तर तिच्या हातावर पहार हाणलीस, आणि हात कोपराखाली लोंबायला लागल्यावर पुन्हा हाणलीस. ती मुखवट्याआडून ओरडत होती. तुला ऐकू आलं नाही. त्या पोशाखात आम्ही सगळे सारखेच दिसतो. शेवटी औषधांचा डबा पायाखाली चिरडलास. त्यातलं औषध चिमणीसाठी आणलं होतं.

मास्तर आज सकाळी गेले. पोलिसांनी विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. तुला सोडवायला मी येणार नाही. तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर काय केलं असतं, मलाच माहीत नाही. पण चिमणीने काय केलंय? तू हे वाचत असशील तेव्हा मी फाटकापाशी भाड्याची गाडी घेऊन उभी असेन, साध्या कपड्यांत, उघड्या तोंडाने. पहार आत ठेव. ती बाई ओरडत होती ते, “बंड्या, मी आहे रे.” चिमणीला गाडीत तूच उचलून ठेव. माझ्या उजव्या हाताने आता तिला उचलता येत नाही.

तुझीच,
तायडी