गेझीनाच्या झोपेसाठी लावलेलं झाड

१२ जानेवारी, रविवार
नाताळच्या आधी निवृत्त झालो. एवढी वर्षं अर्ध्या ओल्डनबुर्गच्या लिफ्ट तपासल्या, आता घरात तपासायला काही उरलं नाही. (भांडी घासायचं मशीन उघडलं होतं. तो विषय संपला आहे.)
गेझीनाला अलीकडे झोप लागत नाही. गोळी घेतली की सकाळी डोकं जड होतं म्हणते. म्हणून निर्णय: गांजाचं एक झाड, घरात. आता जर्मनीत कायद्याने तीन लावता येतात, मी एकच लावतोय. संयम. झाड तिच्या नावाचं, मी फक्त देखरेखीला. जात आपोआप फुलणारी. बी विकणारा म्हणाला, हिचं फारसं काही करावं लागत नाही, वय झालं की स्वतःच फुलते. मी नुसता हसलो. काही करावं लागत नाही अशी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.
तंबू, दिवा, पंखा, सगळं आम्हा दोघांच्या झोपायच्या खोलीत लावलं. तिथला हीटर चांगला आहे.

२६ जानेवारी
खालची दोन पानं पिवळी. वाचन केलं. निदान: नायट्रोजन कमी. गेझीनाने कुंडीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, अरे, चिखल झालाय, पाणी कमी घाल. बोट हे उपकरण नव्हे. खत दिलं. पाणीही दिलं, खत उतरायला हवं ना.
तंबूच्या चेनमधून उजेड येतो, अशी तिची तक्रार. पाहिलं. एक बारीक रेघ. डोळे मिटल्यावर दिसायचं कारण नाही.

२ फेब्रुवारी
पानांची टोकं तपकिरी, करपल्यासारखी. उरलेली पानं काळपट हिरवी, खाली वळलेली, पंज्यासारखी. निदान: खत जास्त झालं. दोष बाटलीच्या झाकणाचा, त्यावरच्या खुणा दिसतच नाहीत. उपाय: कुंडी भरपूर पाण्याने धुऊन काढली. पाणी लाकडी जमिनीवर गेलं. गेझीनाच्या चपलाही ओल्या झाल्या. मुद्दा तो नाही.
आज मित्रमंडळींची केल-सॉसेजची सहल होती. हातगाडी ओढत, घोट घेत चालायचं, शेवटी केलची पालेभाजी आणि सॉसेज जेवायचं. दरवर्षी जातो आम्ही. मला वेळ नव्हता. गेझीना एकटी गेली. छान झालं म्हणाली. कुणीतरी माझी चौकशीही केली म्हणे. कुणी, ते आठवेना तिला.

९ फेब्रुवारी
आता शास्त्रशुद्ध. पाण्याचा आंबटपणा मोजायचं मीटर आणलं. आकडा ६.२. उत्तम. म्हणजे पाणी निर्दोष. तरी पानं पिवळीच. शंका पंख्यावर. वेग वाढवला.
गेझीना म्हणते, विमानतळावर झोपल्यासारखं वाटतं. अतिशयोक्ती. मी स्वतः त्या आवाजात उत्तम झोपतो. मधून मधून उठून पानं पाहतो, तेवढंच.

१५ फेब्रुवारी
गेझीनाने मीटर कॉफीत बुडवलं. ६.२. मग व्हिनेगरमध्ये. ६.२. सॅलड ढवळत बसली. कधी कधी तिचं सॅलड ढवळणं फार लागतं.
मीटर परत करता येणार नाही. पावती होती. ओली झाली.

२३ फेब्रुवारी
फुलं यायला लागली. मला न विचारता. झाड वीतभर, अजून पानांचं निदान व्हायचंय, आणि ह्याला फुलायची घाई. थोडं थांबायला काय झालं होतं?
पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हे मात्र स्पष्ट: मॅग्नेशियम. दिलं. शिवाय दिवा खाली घेतला. संध्याकाळी वरची पानं पांढरट दिसली, म्हणून वर घेतला. मग जरा खाली.
संकल्प: एका वेळी एकच बदल करायचा, मग आठवडाभर वाट पाहायची. लिफ्टचं कामही आम्ही असंच करायचो.

२४ फेब्रुवारी
एका दिवसात फरक कळतो असं माझं मत. कॅल्शियम दिलं. माती वरवर उकरली. पंखा दुसऱ्या बाजूला.

९ मार्च
गेझीना थेडाकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे, विल्हेल्म्सहाफनला गेली. तू पण चल, म्हणाली, किनाऱ्याच्या बांधावरून फिरू, समुद्र पाहू, तुझ्याशी बोलायचंय. मी तंबूकडे बोट दाखवलं. ह्या अवस्थेत पेशंटला कोण सोडतं? तिने एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बसचा पास शोधायला लागली.
बोलायचं होतं म्हणजे बहुधा बाथरूमच्या नळाबद्दल. तो करतो एकदा.

१६ मार्च
फोन आला. सकाळी नऊपर्यंत झोपते म्हणे, गोळीशिवाय. मी म्हटलं, समुद्राची हवा. ती म्हणाली, हो, हवाच असेल.
विचार केला, झाडालाही ताजी हवा मानवेल. खिडकी रात्रभर उघडी ठेवली.

१७ मार्च
पानं जांभळी. काही जण मुद्दाम जांभळी करतात म्हणे. म्हणजे हे यश धरता येईल. शिंका येतात. मला.

२९ मार्च
आता जवळजवळ सगळीच पानं पिवळी. फोटो काढून इंटरनेटवर माळीकाम करणाऱ्यांच्या गटात टाकला. सविस्तर लिहिलं, सगळ्या उपायांसकट. उत्तर आलं: काही झालेलं नाही. वय झालं. शेवटी अशीच पिवळी पडतात. कापा.
वय हे निदान नव्हे. मलाही ऑफिसात असंच काहीसं सांगितलं होतं.
नायट्रोजन दिलं.

५ एप्रिल
गेझीना परत आली. गाल भरलेत, चांगली दिसते. तिला तंबू दाखवला, आजवरचे सगळे उपाय समजावले. ती कोट न काढता पलंगावर बसून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "एकहार्ट, मला औषध नको होतं. मला अंधार हवा होता. आणि कोणी सारखं उठू नये, एवढंच."
मी म्हटलं, आधी सांगायचंस.
"बांधावर सांगणार होते."
दुपारी झाड कापलं. तंबू, पंखा, दिवा तळघरात. फुलं वाळायला टांगली. वाळल्यावर मोहरीच्या छोट्या बाटलीत मावतील, वर जागा उरेल. निर्णय माझ्या मनाने घेतलेला. आता कशाच्याही मागे लागायचं नाही. रात्री खोलीत इतका काळोख की स्वतःचा हात दिसेना.

६ एप्रिल, रविवार
सकाळी उजाडलं तरी गेझीना गाढ झोपलेली. कित्येक दिवसांनी. शेजारी पडून पाहत राहिलो. बरं वाटलं. मग वाटलं, चेहरा जरा फिका दिसतोय. पडद्यामुळे असेल म्हणून पडदा सरकवला. तरी फिकाच. अंगावरची रजाई जास्त असावी. थोडी कमी केली. श्वास मोजला. मग खात्री करावी म्हणून हलवून विचारलं, नीट झोप लागली ना?
आता बॅग भरते आहे. दहाच्या गाडीने थेडाकडे. किती दिवस, ते विचारलं. पाहू, म्हणाली.
बॅग खाली नेऊन देऊ का, विचारलं. ती म्हणाली, "नको. तू कशालाच हात लावू नकोस."